चहा शेवटी

आत्या, तू चहा पिऊन गेलीस, हे मला आता पक्कं माहीत आहे. बाबांनाही माहीत आहे. बाकी सगळं नंतर लिहीन, पण हे आधी सांगते, कारण तू गेल्यावर आमच्या घरात पहिले काही दिवस याच एका गोष्टीचा घोर होता.

बाबांचा फोन आला तेव्हा मी गुडगावला ऑफिसात होते. "ताई गेली," ते म्हणाले. मग म्हणाले, "गॅलरीत. त्या मशीनपाशी."

मी काहीच विचारलं नाही. मला फोनवर विचारता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. टॅक्सीत बसले. तो रस्ता तू पाहिलेला आहेस. दोन्ही बाजूंना नव्या इमारतींचे सांगाडे, आणि कुठल्या ना कुठल्या मजल्यावर वेल्डिंगचा निळा-पांढरा उजेड. तो दिसला की मी मान फिरवते. बसमधून जातानासुद्धा त्याच्याकडे बघायचं नाही, ही सवय तू लावलीस. त्या दिवशीही मान आपोआप फिरत होती, आणि डोळ्यांसमोर फक्त तुझा उजव्या हाताचा चामडी हातमोजा होता, अंगठ्याजवळ भोक पडलेला.

त्याच्यावरूनच तर आपलं शेवटचं भांडण झालं होतं.

"हा मोजा बदल आता."

"बदलते. पुढच्या रविवारी."

"मागच्या रविवारीही हेच म्हणालीस."

"सासू नको म्हणून मी लग्न केलं नाही, आणि आता तू आलीस."

"मी सेफ्टी ऑफिसर आहे."

"पगार किती?"

"चहा."

"तो मिळतोय की. चल, जोडावरची खपली काढ."

वेल्डिंगचं मशीन घ्यायचं की नाही, यावर घरात चर्चा झाली तेव्हा आई नको म्हणाली होती, बाबा तर चिडलेच होते. 'घेऊ दे की तिला' असं म्हणणारी मी एकटी होते. मी घरात फारशी बोलत नाही. एकदा बोलले, ते तुझ्या बाजूने. त्यामुळे घरी, द्वारकेला पोचेपर्यंत माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. मशीनने तुला नेलं असेल, तर त्या मशीनला घरात आणणारा शब्द माझा होता.

तू नोकरीची सगळी वर्षं केंद्र सरकारच्या एका खात्यात नकाशे काढलेस. जिने, कठडे, फाटकं. "जन्मभर लोखंड कागदावर काढलं, हातात कधी आलं नाही," असं म्हणायचीस. राजधानीतलं रामकृष्णपुरमचं सरकारी क्वार्टर सुटलं आणि तू नि बाबा एकाच सोसायटीत वेगवेगळे फ्लॅट घेऊन द्वारकेला आलात, तेव्हा निम्म्या इमारतींना रंग नव्हता आणि पाणी टँकरने यायचं. तिथल्या एका पाडव्याला तू गॅलरीच्या ग्रिलला सुतळीने गुढी बांधलीस. दुपारी धुळीची आंधी आली. काठी वाचली, रेशमी खण समोरच्या झाडाला अडकला, आणि तांब्या थेट खाली, सोसायटीच्या सेक्रेटरींच्या नव्या गाडीच्या बॉनेटवर.

गुप्ताजी तांब्या हातात घेऊन वर आले. "मॅडम, ये लोटा आपका है?"

"लोटा हमारा है, गाडी आपकी है," तू म्हणालीस. "गड्ढा दोनों में पडा है. अंदर आइए, चाय पीजिए."

गुप्ताजी चहा प्यायले, पण पुढच्या मीटिंगमध्ये गॅलरीत काठी बांधायला बंदी आली. सोसायटीतली मराठी घरं हिरमुसली. तू मात्र पेन्सिल काढलीस. ग्रिलच्या उभ्या गजाला एकाखाली एक अशा दोन लोखंडी कड्या, काठी वरून दोन्हींतून सरकवायची, आंधीच काय, कोणी उपटली तरी निघणार नाही. गुप्ताजींनी चित्र बघितलं, उलटं करून बघितलं, आणि हो म्हणाले. मग वेल्डर मिळेना. नव्या इमारतींमध्ये सगळ्यांना ढिगाने काम. बाजारातल्या दुकानदाराने तुला सांगितलं, "माताजी, दो कडियों के लिए कौन आएगा?"

"मीच येईन," तू त्याला मराठीत म्हणालीस. त्याला कळलं नाही. आम्हालाही त्या दिवशी कळलं नव्हतं.

पूर्वी वेल्डिंग मशीन म्हणजे हातगाडीवरून आणायची वस्तू होती. बाजार खुला झाला आणि बाहेरून लहान मशिनं यायला लागली. तुझं चावडी बाजारातून आलेलं मशीन शिवणयंत्रापेक्षाही लहान होतं, खांद्याला लावायचा पट्टा असलेलं. बाबा ते बघून म्हणाले होते, "ताई, ही मशीन एक दिवस तुला घेऊन जाईल."

"तिला चाकं कुठायत," तू म्हणालीस. "मीच तिला खांद्यावर घेऊन जाणार."

ते वाक्य बाबा विसरले नाहीत. स्वतःचं, तुझं नाही.

तू आधी संध्याकाळच्या एका वर्गात जाऊन शिकलीस. वर्गात बाई तू एकटी आणि पांढऱ्या केसांचीही तूच एकटी. शिकून आलीस तरी पहिलीच चूक केलीस, आणि ती मला सगळ्यात आवडते, कारण त्या चुकीनंतर मी तुझ्यावर विश्वास ठेवायला लागले. मशीनमधून दोन वायरी निघतात. एकीच्या टोकाला रॉड धरणारा होल्डर, दुसरीच्या टोकाला चिमट्यासारखा क्लॅम्प. करंट रॉडमधून कामात जातो आणि क्लॅम्पमधून परत येतो. आपल्याकडे सगळे म्हणतात, अर्थिंगला पाण्याचा पाइप उत्तम. तू क्लॅम्प गॅलरीतल्या पाण्याच्या पाइपला लावलास आणि रॉड ग्रिलला टेकवलास. ज्योत धड पेटेना, नुसती थुंकत राहिली. आणि खालून डिसोझाबाईंचा आवाज आला, "सुधाताई, आमच्या नळाला हात लावला की मुंग्या येतायत. तुम्ही वर काय करताय?"

तू एका हाताने स्विच बंद केलास. मग प्लग काढलास. मग खाली गेलीस. डिसोझाबाई वसईच्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी तुला दारातच धारेवर धरलं. तू माफी मागितलीस आणि वर येऊन मला म्हणालीस, "परत येणाऱ्या करंटला आपण वाट दाखवली नाही, तर तो स्वतः शोधतो. मग वाटेत कोण उभं आहे, ते तो बघत नाही." त्या दिवसापासून क्लॅम्प नेहमी कामालाच, जोडाच्या शक्य तितका जवळ, आणि तिथला रंग आधी घासून काढायचा, लोखंड चकचकीत दिसेपर्यंत. पुढे डिसोझाबाईंनीच तुझ्याकडून कड्या लावून घेतल्या. पाडव्याला रिकाम्या असतात, नाताळात त्यांच्यात काठी उभी राहते आणि काठीवर चांदणी.

तुझ्या रीती मला पाठ झाल्या, न शिकवता. वायर गुंडाळलेली असताना मशीन चालवायचं नाही, वेटोळ्यात ती तापते. सगळी उलगडून, पसरून ठेवायची. प्लग गीझरच्या मोठ्या सॉकेटलाच. फरशी कोरडी, वर रबराची चटई. रविवारी तू साडी नेसायची नाहीस. बाबांची जुनी खाकी पँट, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, कातडी बूट. नायलॉनचं काही अंगावर नको, ठिणगी पडली की ते कातडीला चिकटतं. बांगड्या देवासमोर काढून ठेवायचीस. पडदे, रद्दी, काथ्याचं पायपुसणं, सगळं आत. गॅलरीचं दार मात्र उघडं, धूर कोंडू नये म्हणून. आणि जस्ताच्या पांढऱ्या मुलाम्याचा पाइप कुणी कितीही गळ घातली तरी जोडायचा नाही. "त्याचा धूर छातीत बसतो, मग लोक दूध पितात आणि बरं वाटलं म्हणतात. मला दूध आवडत नाही," इतकंच कारण तू द्यायचीस.

मला तू डोळ्यांपुढे धरायला तुझ्यासारखीच दुसरी काळी काच आणून दिली होतीस. मी वाळूची बादली घेऊन मागे उभी राहायचे. काचेतून तू दिसायची नाहीस, ग्रिल दिसायचं नाही, फक्त एक हिरवट ठिपका हळूहळू सरकताना दिसायचा. "घे ना होल्डर हातात," तू दर वेळी म्हणायचीस. मी दर वेळी मान हलवायचे. हा आपला दुसरा वाद, आणि तो तसाच राहिला.

काम झालं की क्रम ठरलेला. स्विच बंद. प्लग बाहेर. होल्डरमधलं रॉडचं थोटूक काढायचं. क्लॅम्प खिळ्याला. वायरी आठाच्या आकड्यात गुंडाळायच्या आणि तुझ्या जुन्या परकराच्या नाडीने बांधायच्या. मग चहा. चहा नेहमी शेवटी. एकदा मी लवकर ठेवला, तर तू गॅस बंद केलास. "वायर पसरलेली असताना हातात कप नको. एक तर काम, नाही तर चहा."

आणि चहा गॅलरीतच प्यायचा, वेताच्या खुर्च्यांवर, कामाकडे तोंड करून. मला सुरुवातीला वाटायचं, तू आपल्या कामाकडे कौतुकाने बघत बसतेस. मग एकदा सोसायटीतल्या जोश्यांकडे काम होतं. त्यांनी रद्दी आत नेली होती, पण कोपऱ्यातली झाडू राहिली. आपले कप संपत आले होते, जोशीकाकू पाडव्याच्या श्रीखंडाबद्दल बोलत होत्या, आणि झाडूच्या बुडातून धाग्याएवढा धूर निघाला. तू उठलीस, वाळू ओतलीस, परत बसलीस. काकूंचं श्रीखंड चालूच होतं. परत येताना म्हणालीस, "ठिणगी पडते तेव्हा कुणाला दिसत नाही. ती बसून राहते. आपणही बसून राहायचं."

मला जे थोडंफार बोलता आलं ते त्या बसण्यात. घरी कोणी विचारलं की माझं मन बंद होतं, इंग्रजीत उत्तर येतं, तेही एका शब्दाचं. तू विचारायचीच नाहीस. आपण दोघी ग्रिलकडे बघत बसायचो, आणि कधीतरी मीच काहीतरी सांगायला लागायचे. ऑफिसातलं, घर सोडून गुडगावला राहायला जावं का याबद्दलचं. मी स्पार्क म्हणाले की तू ठिणगी म्हणायचीस, मी चिंगारी म्हणाले की नुसती बघायचीस. तुझे आभार मानावेत असं कधी सुचलंच नाही, कारण तू काही देतेयस असं वाटलंच नव्हतं.

आणि मग तो फोन.

मी पोचले तेव्हा तुला आत आणून निजवलं होतं. सोसायटीतले डॉक्टर म्हणाले, हृदय, झोपेत जावं तसं, अंगावर भाजल्याची खूण कुठेही नाही. बाबांनी मान डोलावली, आणि डॉक्टर गेल्यावर मला म्हणाले, "करंट लागला तरी हृदयच बंद पडतं."

मी गॅलरीत गेले. मशीन कोपऱ्यात होतं. प्लग काढलेला. वायर गुंडाळलेली, नाडीने बांधलेली. मी परत आत आले आणि हे बाबांना सांगितलं, हळू आवाजात, लोक होते म्हणून.

"कुणीतरी आवरलं असेल," ते म्हणाले.

लोक येत-जात राहिले. प्रत्येकाला बाबा तेच सांगत होते, "मी तिला म्हणालो होतो." लोक त्यांच्या पाठीवर हात ठेवत होते. मला दिसत होतं की हे वाक्य आता त्यांच्याबरोबर जन्मभर राहणार. आणि माझं वाक्यही माझ्याबरोबर.

एका सकाळी कबाडीवाला तुझ्या दारात आला. मशीन भंगारात द्यायला बाबांनीच बोलावलं होतं. तराजू घेऊन तो गॅलरीकडे निघाला आणि मी म्हणाले, "भैया, रुकिए." इतक्या मोठ्याने, की आई तुझ्या स्वयंपाकघरातून बाहेर आली. मग मला पुढे काय करायचं ते कळेना. चपला घालून मी जिना उतरले आणि डिसोझाबाईंची बेल वाजवली. आत्या, मी आपण होऊन कुणाची बेल वाजवत नाही.

डबा परत द्यायला त्या वर आल्या होत्या आणि तू त्यांनाच सापडलीस, एवढं मला माहीत होतं. मी विचारलं, "तुम्ही गॅलरीत काही आवरलंत का त्या दिवशी?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. "मशीनला मी हात लावणार? नळाच्या मुंग्या अजून आठवतात मला. मला वाटलं, बसल्या बसल्या डोळा लागलाय. मांडीवरचा कप घेतला फक्त. पडेल म्हणून."

"कपात चहा होता?"

त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघितलं. "रिकामा होता. तळाशी पत्ती होती थोडी. का गं?"

मी त्यांना हाताला धरून वर आणलं. कबाडीवाला जिन्यात बसला होता. बाबा गॅलरीच्या दारात उभे होते. मी त्यांना क्रम सांगितला, स्विचपासून चहापर्यंत, बोटावर. त्यांनी तो कधी बघितला नव्हता; रविवारी ते मुद्दाम तुझ्याकडे फिरकत नसत.

"वायर बांधल्याशिवाय ती चहा ठेवत नव्हती, बाबा. कधीच नाही. आणि कप रिकामा होता."

"कशावरून तिनेच बांधली?" ते म्हणाले, पण खाली बसले आणि वेटोळं हातात घेतलं. नाडीची गाठ बघितली. बराच वेळ अंगठ्याने चाचपत राहिले.

"ही गाठ ताईची आहे," ते म्हणाले. "माझं दप्तर बांधून द्यायची शाळेत जाताना. एक टोक ओढलं की सुटते. मला कधी जमली नाही." मग म्हणाले, "म्हणजे सगळं आवरून बसली होती."

"हो."

"निवांत."

"हो, बाबा."

डिसोझाबाई म्हणाल्या, "अहो, चेहऱ्यावरून कळत नव्हतं का? मी तर झोपल्यात समजून डबा ठेवून निघाले होते." आणि बाबा रडायला लागले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. ते रडताना मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायला विचित्र वाटतं, पण तसंच वाटलं. आईने कबाडीवाल्याला रद्दी देऊन वाटेला लावलं.

मग मी मशीनमागची पिशवी उघडली. काळी काच जुन्या पंच्यात गुंडाळलेली होती. तिच्याखाली हातमोजे. नवे, अजून कडक, उजव्याच्या अंगठ्यावर काजळी धरलेली. एकदाच वापरलेले. तू रविवारपर्यंत थांबली नव्हतीस. मला सांगितलंही नव्हतंस, म्हणजे मी वर येऊन ते बघणार आणि तू 'मग, ऑफिसर?' म्हणणार, हे तुझं ठरलेलं असणार.

तू काय जोडलं होतंस, ते मला त्यानंतर दिसलं. ग्रिलला तुझ्या कड्यांशेजारी आणखी दोन कड्या, काठीला खूप लहान. बोटभर व्यासाच्या. कशाला, ते मला माहीत नाही. बाबा म्हणतात, पणतीसाठी काहीतरी अडकवायचं असेल. आई म्हणते, तुळशीसाठी. विचारता येत नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटत नाही; तुझ्या डोक्यात काहीतरी चालू होतं, एवढं पुरे आहे. दोन्ही जोडांवर काळी खपली तशीच होती. ती काढायचं काम माझं. चहानंतर, जोड निवला की. ते तू माझ्यासाठी ठेवलं होतंस.

रविवारी मी चष्मा लावला, कारण खपली उडते आणि डोळ्यात जाते. तुझी छोटी हातोडी घेतली. बाबांना म्हणाले, मागे उभे राहा. ते वाळूची बादली घेऊन उभे राहिले, तिची गरज नव्हती तरी. चांगल्या जोडाची खपली एका तुकड्यात निघते, असं तू म्हणायचीस. वाईट जोडाची खरवडावी लागते. मी कडेला हलकेच ठोकलं. पहिली निघाली, एकसंध. दुसरीही. खाली जोड चमकत होता, एकावर एक निजलेल्या बारीक वळ्यांचा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा. तुझा हात कुठेही थरथरला नव्हता.

बाबा वाकून बघत होते. "छान आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "हे शिकायला किती वेळ लागतो?"

"माहीत नाही. मी अजून होल्डर धरलेला नाही."

"मग धर की," ते म्हणाले, जसं काही हे मशीन त्यांनीच आणलं होतं.

मी हातोडी पुसली, चष्मा पंच्यात गुंडाळला, तारेचा ब्रश खिळ्याला लावला. मग चहा ठेवला. आम्ही दोघं वेताच्या खुर्च्यांवर बसलो, ग्रिलकडे तोंड करून. कुठेही ठिणगी पडलेली नव्हती, कारण काही पेटवलंच नव्हतं. तरी बसलो. बाबांचा कप रिकामा झाला तेव्हा ते उठायला लागले, आणि मी म्हणाले, "थांबा जरा."

ते परत बसले. आणि आत्या, मीच बोलायला लागले.